म्हातारचळ

हे ऐकणारे तुम्ही पहिलेच. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा हे कधी ओठांवर येऊ दिलं नाही मी. एका शब्दाची गोष्ट आहे — आणि तो शब्द माझ्याच तोंडून गेला.

माझे सासरे, नाना. खानदेशातून सुरतेला आले, लिंबायतमध्ये कापडाच्या लूमवर जन्म काढला. त्या खडखडाटानं कान गेलेले, म्हणून जगाशी ओरडून बोलायचे. माझ्याशी मात्र कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. मग पक्षाघात झाला आणि वाचाच गेली. डावा हात तेवढा हलायचा. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा सकाळीच कडोदऱ्याला कामावर; मी मराठी शाळेत शिक्षिका, शाळा दुपारची. म्हणून नानांचं अंग पुसणं माझ्याकडे आलं.

त्या सकाळी कोमट पाण्याचं फडकं मांडीवरून फिरवत होते आणि — कसं सांगू? पुरुषाचं अंग उठतं तसं उठलं. एवढंच. नानांनी डोळे गच्च मिटले, डाव्या हातानं माझं मनगट धरलं. का धरलं, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. ते माझा हात लोटत होते. पांघरूण ओढायला धडपडत होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. असं रडणाऱ्या माणसाच्या मनात काय पाप असणार?

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या वडिलांना म्हातारचळ लागलाय. माझा हात धरला त्यांनी."

"काय बोली ऱ्हायनी तू? बाप शे तो मना!" तो अहिराणीत ओरडला.

हात धरला हे खोटं नव्हतं ना? — असं मी स्वतःला किती वेळा समजावलं! नवरा माझ्याकडे बघत राहिला, मी पुढचं सांगेन म्हणून. मी नाही सांगितलं. त्या कामाला मी विटले होते. सुटायची वाट समोर दिसली आणि मी ती धरली.

आमच्या भिंती पातळ. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारीण म्हणाली, "काय वं माय, तुना सासरा आजून जवान शे का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

नानांना गावी, धाकट्या दिराकडे पाठवलं. तो शब्द त्यांच्याआधी तिथं पोहोचला होता. जाऊ त्यांच्या खोलीत पाय ठेवेना. कुणी गडी मोकळा सापडला तर आंघोळ, नाहीतर नाही. पाठीला जखमा झाल्या, चिघळल्या, त्यातच गेले. तिरडीवर ठेवण्याआधी आंघोळ घालायला थोरला म्हणून माझ्या नवऱ्याला बोलावलं. "तूच घाल," असं भावाला म्हणून तो अंगणाबाहेर जाऊन उभा राहिला.

गेल्या वर्षी माझी कंबर धरली. उपचार करणारी मुलगी नसा दाबत होती. मी दुखण्यानं कळवळत होते. मनात ना कुणी पुरुष, ना कसली इच्छा — आणि तरी माझं अंग ओलं झालं. लाजेनं मेले मी. तिच्या ते लक्षातही आलं नसेल. कुणी मला नाव ठेवलं नाही, कुणी गावी धाडलं नाही. तिथं पालथी पडल्या पडल्या नाना आठवले. अंगावर काटा यावा, उचकी लागावी, तसंच हेही — अंग माणसाला विचारून थोडंच वागतं? त्यात होकार नसतो, चळ तर नसतोच. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं म्हणून मी सुटणार नाही. नानांचे डोळे मी पाहिले होते. तेवढं पुरेसं होतं.

परवा थोरल्या मुलाचं लग्न झालं. काल जेवताना नवरा त्याला हळूच म्हणाला, "मी कधी अंथरुणाला खिळलो ना, तर पोरा, सुनेला माझ्याजवळ येऊ देऊ नको. आपल्या रक्तातच आहे ते."

मी त्याच्या पानात भात वाढत होते. वाढला.