चंद्रावर उभा सिंह

तलवारीची मूठ नाकाशी नेऊन मी वास घेतला आणि मिस्टर प्रेंटिसकडे पाहिलं. ते हसत होते. विकायला तलवार घेऊन आलेला माणूस फार हसायला लागला की मी जरा सावध होते.

"माझ्या पणजोबांची आहे," ते म्हणाले. "ते नाईलवर बोटमन होते. यू नो द स्टोरी."

स्टोरी मला ठाऊक होती. ब्रिटिश फौजेच्या होड्या नाईल नदीतून वर न्यायला कॅनडातून नावाडी गेले होते, हे खरंच आहे. नेमकं म्हणूनच मला ते पटेना. ओंटारिओत सुदानी तलवार विकायची असेल तर यापेक्षा सोयीचे पणजोबा शोधून सापडणार नाहीत.

मी लंडनमध्ये, म्हणजे आमच्या ओंटारिओतल्या लंडनमध्ये, एका ऑक्शन हाऊसमध्ये काम करते. शिक्षण मेटलर्जीचं. पुण्यात एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये होते, इथे आल्यावर फिरत फिरत या धंद्यात पडले. लिलावाला आलेली जुनी हत्यारं तपासायची आणि ती कुठली, कधीची, कितपत खरी, हे कॅटलॉगमध्ये लिहायचं. माझा नवरा म्हणतो, तुला हे काम मिळालं कारण तू जन्मजात संशयी आहेस. ग्रोसरीतली मेथीची जुडीसुद्धा मी सोडून बघते, हे त्याचं म्हणणं खरं आहे.

ती तलवार कासकारा होती. सुदानात या तलवारीला हेच नाव आहे. सरळ पातं, दोन्ही बाजूंना धार, मुठीखाली लोखंडाची जाड आडवी पट्टी, मुठीच्या शेंड्याला चपटी चकती. पात्यावर मुठीजवळ दोन चंद्रकोरी ठोकलेल्या. कोरीला नाक, डोळे, ओठ. या चंद्रांवर नवखे लोक लगेच भाळतात, म्हणून थोडं सांगते. मुळात हे चंद्र युरोपातल्या कारागिरांचे. त्यांची पाती सुदानात जायची आणि चंद्र असलेलं पातं चांगलं, असा तिथे विश्वास बसला. मग तिथले लोहारही आपल्या पात्यांवर तसेच चंद्र ठोकू लागले. तेव्हा चंद्रावरून पातं कोणी बनवलं ते कळत नाही. गिऱ्हाइकाला काय हवं होतं, एवढंच कळतं.

हे पातं सुदानातच घडवलेलं होतं. चांगलं जुनं होतं. तलवारीबद्दल मला शंका नव्हती. शंका होती ती पणजोबांबद्दल.

कारण मुठीला चंदनाचा वास येत होता. चंदन आणि त्यामागे काहीतरी गोडसर, तेलकट, लग्नघरात येतो तसा. मुठीवरचं चामडं मऊ होतं. आतलं लाकूड घट्ट होतं आणि आडवी पट्टी जराही हलत नव्हती. आता, इथली घरं winter मध्ये कशी सुकतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. Furnace चालू झाली की ओठ फुटतात, दारं आकसतात. आईने दिलेल्या माझ्या सागवानी पोळपाटाला पहिल्याच winter मध्ये तडा गेला. आणि ही तलवार म्हणे तीन पिढ्या कॅनडात होती.

"घरात कुठे ठेवली होती?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ओव्हर द फायरप्लेस. ऑलवेज."

फायरप्लेसच्या वर! मी मान डोलावली आणि तलवार ठेवून घेतली.

माझे बॉस ग्रॅहम यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "शरयू, वास हा पुरावा नाही. पणजोबांचं कॅटलॉगमध्ये लिहू नकोस. 'सुदानी, जुनी' एवढं लिही." मी तेवढंच लिहिलं.

फोटोंबाबत मात्र माझा एक नियम आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंना खुणा असतील तर एका बाजूचे फोटो मी वेबसाइटवर देत नाही. चोरीच्या वस्तूवर दावा सांगायला कोणी आलं तर त्याला विचारायला काहीतरी शिल्लक लागतं. दावा खोटाही असू शकतो. असे नमुने मी पाहिलेत. या तलवारीच्या मागच्या बाजूला एक चंद्र होता आणि एक छोटा सिंह. माझ्या टिपणात मी लिहिलं: 'चंद्र वर, सिंह खाली. सिंहाचा शिक्का उलटा, पाय वर. निष्काळजी काम.'

कॅटलॉग वेबसाइटवर गेला आणि दोन दिवसांत फोन आला.

"माझं नाव इंतिसार. मी इथेच हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तुम्ही विकताय ती आमच्या घरची तलवार आहे."

बाईंचा आवाज शांत होता, पण प्रत्येक वाक्याच्या आधी त्या श्वास घेत होत्या. त्यांचं घर सुदानात, ओमदुरमान शहरात. युद्ध सुरू झालं तेव्हा आई आणि धाकटा भाऊ अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. मागे घर लुटलं गेलं. आता दोघंही त्यांच्याकडे लंडनमध्ये होते आणि भावाचं लग्न ठरलं होतं. त्यांच्याकडे लग्नात जिरतिग नावाचा विधी असतो. नवरदेवाला सुगंधी लेप लावतात आणि त्याच्या हातात घरची तलवार देतात. आजोबांनी धरली, वडिलांनी धरली. आता वडील नाहीत.

"म्यानावर हिरवं ठिगळ आहे ना? ते माझ्या शाळेच्या दप्तराचं चामडं आहे. बाबांनी शिवलं होतं."

ठिगळ होतं. पण ते फोटोत स्पष्ट दिसत होतं. फोटोत दिसतं ते मलाही सांगता आलं असतं. आणि खरं सांगायचं तर भावाचं लग्न ऐकून माझा संशय वाढला. मन पाघळवणारी गोष्ट आणि सोयीचे पणजोबा, दोन्ही मी एकाच तराजूत घालते.

"पात्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे?" मी विचारलं.

त्या लगेच म्हणाल्या, "सिंह. चंद्रावर उभा असलेला सिंह. आई म्हणायची, बघ, त्याने चंद्राला पायाखाली घेतलंय."

मी टिपण पाहिलं. चंद्र वर, सिंह खाली, पाय वर. सिंह आणि चंद्र या खुणा अशा तलवारींवर सर्रास असतात. कोणीही अंदाजाने ठोकून दिल्या असत्या. मांडणी मात्र चुकली होती, अगदी उलट सांगितली होती.

"सॉरी," मी म्हणाले. "हे जुळत नाही."

त्या म्हणाल्या, "मी लहान असताना ती रोज पाहिलेली नाही, फक्त नात्यातल्या लग्नांत पाहिली. पण सिंह मी विसरणार नाही. तुम्ही नीट बघा."

मला ते 'नीट बघा' झोंबलं. माझं कामच नीट बघायचं. ग्रॅहमना सांगितलं तर ते म्हणाले, "क्लोज इज नॉट इनफ. आपण कन्साइनरला असं अडवू शकत नाही." म्हणजे ज्याने वस्तू विकायला दिली त्याला. लिलाव पुढच्या शनिवारी होता. हातोडा पडला की तलवार कुठल्या देशात कोणाच्या तिजोरीत जाईल, सांगता येत नव्हतं. मी फाइल बंद केली. पण तो चंदनाचा वास काही माझ्या डोक्यातून जाईना. बाई खोटं बोलतायत तर मग मूठ कोणाची बाजू घेत होती?

मधल्या weekend ला ब्रॉसार्डला माझ्या भाच्याचं लग्न होतं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार असते आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात, दृष्ट लागू नये म्हणून. ताईने ही कट्यार कोल्हापूरहून मागवली होती. बॅन्क्वेट हॉलच्या मागच्या खोलीत नवरदेव शेरवानी घालून उभा, फोटोग्राफर फ्रेंचमध्ये "सिल व्हू प्ले", म्हणजे प्लीज, प्लीज, करत घाईला आलेला, आणि ताईला अचानक काळजी लागली.

"शरयू, तू यातली ना? बघ बाई धार आहे का. हा धांदरट आहे, स्वतःलाच कापून घेईल."

"मावशी, it's basically a butter knife," भाचा म्हणाला.

मी कट्यार हातात घेतली आणि सवयीने तपासायला धरली. मूठ वर, टोक खाली. आमच्या धंद्यात हत्यार असंच धरतात, असंच मांडतात, फोटोही असाच काढतात. लिंबू टपकन खाली पडलं आणि गडगडत सोफ्याखाली गेलं.

"अगं, उलटी काय धरतेस!" ताई ओरडली. "कट्यार आहे ती, छत्री नाही!"

सगळे हसले. भाचा शेरवानी सांभाळत लिंबू शोधायला वाकला. मी तशीच उभी. कट्यार माझ्या हातात उलटी होती आणि मला सिंह दिसत होता. पाय वर केलेला, चंद्राखाली लोंबणारा. तो लोहार निष्काळजी नव्हता. तलवार उंचावली की सिंह उभा राहतो आणि चंद्र त्याच्या पायाखाली येतो. लग्नात बायकांमध्ये खाली बसलेल्या एका लहान मुलीने तो तसाच पाहिला असणार. ती मला दिसलेलं सांगत होती आणि मी तिला खोटारडी ठरवून मोकळी झाले होते. मला इतकी लाज वाटली की पुढची मंगलाष्टकं मी ऐकलीच नाहीत.

ग्रॅहमना तिथूनच फोन लावला.

"शरयू, इट्स संडे."

"तो लॉट लिलावातून काढून घ्या. ती बाई बरोबर आहे. तलवार आपण उलटी वाचली."

"आपण?"

"बरं. मी वाचली."

पण संशयी माणूस स्वतःवरही एकदम विश्वास ठेवत नाही. सोमवारी मी इंतिसारबाईंना बोलावलं. त्यांना तलवार दाखवली नाही. टेबलावर एक लाकडी पट्टी ठेवली आणि म्हटलं, "लग्नात तुमचे वडील ती कशी धरायचे ते दाखवा. आणि सिंह कुठे होता तेही."

त्यांनी पट्टी उचलली आणि दंड ताठ करून डोक्याच्या वर धरली. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी मुठीच्या थोडं वर टेकवलं. "इथे चंद्र." मग आणखी वर. "इथे सिंह. तो तिकडे बघतो." त्यांनी खिडकीकडे मान वळवली, स्वतःच सिंह असल्यासारखी. मग म्हणाल्या, "आणि त्याला शेपूट नाही. आम्ही भावंडं त्यावरून हसायचो."

मी आत जाऊन तलवार उंच धरून पाहिली. सिंह उभा होता. तो त्याच बाजूला बघत होता. शेपूट झिजली असेल, असं मी आधी समजले होते. भिंग लावून पाहिलं तर तिथे शिक्काच कधी उमटला नव्हता.

मिस्टर प्रेंटिस दुपारी आले. आज ते हसत नव्हते. ग्रॅहमनी मला आधीच बजावलं होतं, आरोप करू नकोस, प्रश्न विचार.

"तुमच्या घरी ह्युमिडिफायर आहे का?" मी विचारलं.

"व्हॉट? नो."

"मग फायरप्लेसच्या वर तीन पिढ्या टांगलेल्या मुठीचं लाकूड फुटलं कसं नाही? चामडं सुकलं कसं नाही? आणि तिला लग्नातल्या लेपाचा वास कसा येतो?"

"पणजोबा खरे आहेत," ते म्हणाले.

"त्याबद्दल मला शंका नाही."

"फक्त ही त्यांची नाही." मागच्या वर्षी त्यांनी ती एका ऑनलाइन डीलरकडून घेतली होती. पणजोबा जोडले तर वस्तू उठून दिसेल, असं त्यांना वाटलं. ती कुठून आली हे त्यांनी विचारलं नव्हतं. लुटीची असेल असं मनातही आलं नव्हतं, असं ते म्हणाले. हे मात्र मला खरं वाटलं. इंतिसारबाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. जाताना प्रेंटिस त्यांच्यापुढे थांबले, टोपी काढली आणि ती हातात धरून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारीवरचा हक्क सोडल्याचं कळवलं. डीलरने त्यांना एकही प्रश्न न विचारता सगळे पैसे परत केले. त्या डीलरबद्दल मला अजूनही शंका आहे आणि पोलिसांनाही आम्ही ती कळवली आहे.

जिरतिगला मला आमंत्रण होतं. लंडनमधलाच एक community hall, बाहेर बर्फाचा चिखल, आत लाल कापडं आणि तोच वास. दारातूनच तो आला आणि मला हसू फुटलं. इंतिसारबाईंनी मला आईच्या शेजारी, खाली गालिच्यावर बसवलं. आईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. भावाच्या कपाळाला लेप लावला, हातात तलवार दिली आणि त्याने ती एकदम वर उचलली. बायकांनी जिभेने असा काही गजर केला की माझ्या अंगावर काटा आला.

खालून सिंह स्पष्ट दिसत होता. आईंनी माझा हात हलवून वर बोट दाखवलं. मी मान डोलावली. डोळे भरून आले होते, त्यामुळे त्याला शेपूट नाही हे काही दिसलं नाही.

आता आमच्या इथे प्रत्येक तलवारीचा एक फोटो टोक वर करूनही काढतात. फोटोग्राफर कुरकुरतो, कारण तशी ती स्टँडवर राहत नाही. मी त्याला सांगते, मग हातात धर. तलवार करणाऱ्याने ती धरायलाच केली होती.