फळीवर आप्पांची जागा

आप्पांचा फोटो टॉवेलात गुंडाळून आई गाडीत बसली, तेव्हाच ही काही साधी सहल नाही हे कळलं. माझ्या वडिलांना, आप्पांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यात आमच्या घरी भिंतीवर एक फळी आहे, तिच्यावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. आईला त्यांच्या शेजारी आप्पांना ठेवायचं होतं. पण आमच्याकडे अशा बाबतीत शेवटचा शब्द आप्पांच्या थोरल्या बहिणीचा, जुन्नरकडच्या डिंगोऱ्याच्या आत्याचा. "फोनवर विचार की," मी म्हटलं. "फोनवर त्या नाहीच म्हणतील," आई म्हणाली. समोर बसून विचारलं तर हो म्हणतील, असा तिचा भाबडा हिशोब.

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं नसेल तर उजाडायच्या आत निघा. आम्ही वाटेत पेठला मिसळ खाल्ली. मिसळ झकास होती, पण आईनं नुसतेच पावाचे तुकडे केले. नारायणगावहून जुन्नर आणि तिथून लेण्याद्रीचा पायथा जवळच आहे. पायऱ्या दमवतात. गुडघे कुरकुरत असतील तर डोली मिळते, भाव आधी ठरवा. खाऊची पिशवी मात्र गाडीतच ठेवा, माकडं हिसकावतात. आईनं डोली नको म्हटलं आणि फोटो गाडीत ठेवायलाही नको म्हटलं.

वर बहुतेक गर्दी गणपतीच्या दर्शनाची. आम्ही शेजारच्या चैत्यगृहात शिरलो. खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी दगडी स्तूप. मूर्ती नाही. आत इतकं शांत होतं की आम्ही आपोआप हळू बोलू लागलो. मी आईला सांगितलं, चैत्य हा शब्द चितेवरून आला असं मानतात, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीसाठी उभारलेलं. जपानात तर घरातच बुद्धासाठी लहानसं कपाट असतं. त्याला बुत्सुदान म्हणतात आणि तिथं घरातल्या गेलेल्यांच्या नावाच्या पाट्याही ठेवतात.

"मग झालं तर," आई म्हणाली. "हे आक्कांना सांग."

आत्यापुढची वकिली माझ्या गळ्यात पडली.

तिथून डिंगोऱ्याला जाणारा गणेशखिंडीचा रस्ता वळणावळणाचा, पण डोळे निववणारा. आत्यानं मासवडी आणि बाजरीच्या भाकरीचा बेत केला होता. जेवणं झाल्यावर आईनं टॉवेल सोडला. "आक्का, ह्यांना देव्हाऱ्यात..."

"देव्हारा म्हणू नगंस," आत्यानं मधेच तोडलं. "देवच न्हाई तर देव्हारा कसला? फळी म्हण. आमच्या बापानं दीक्षा घेतली तवा घरातलं समदं देवाचं टाक नदीत सोडलं. आन तू त्याच्याच पोराला देव करून बसवती व्हय?"

मी जपानचं कपाट पुढं केलं. आत्यानं ऐकून घेतलं. "त्यांचं त्यांना लई बरं. आमचं तसं न्हाई."

आई रडली नाही. "पूजा नाही करायची मला, आक्का," ती म्हणाली. "बुद्धवंदना ते म्हणायचे, मी त्यांच्यामागून म्हणायचे. आता एकटीनं सुरू केली की मधेच अडते. ते जवळ असावेत, एवढंच."

वर्षभर एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं.

आत्या उठली. तिच्याकडच्या बुद्धाच्या फळीवर तिनं मेणबत्ती लावली, खाली चटई अंथरली आणि आईला बसवलं. आईच्या हातातला फोटो घेऊन तिच्या शेजारी चटईवरच उशीला टेकवला. तोंड बुद्धाकडे.

"त्यो हितं बसंल. वर न्हाई, आपल्यात. म्हण आता."

"नमो तस्स भगवतो..." आईनं सुरू केलं. त्रिशरण न अडखळता झालं. पंचशीलात ती अडली, तेव्हा आत्यानं पुढचं म्हणून दिलं आणि मग शेवटपर्यंत सोबत म्हणत राहिली. भावाच्या शेजारी बसून तिनंही बऱ्याच दिवसांनी वंदना म्हटली असावी.

परतताना आई मंचरपर्यंत गाढ झोपली.

आता आमच्या घरी फळीखाली पाट आहे आणि पाटावर आप्पा, बुद्धाकडे तोंड करून. आई अजूनही चुकून देव्हाराच म्हणते. खोलीत येणाऱ्याला फक्त फ्रेमची मागची बाजू दिसते, पुठ्ठा आणि टांगायची कडी. परवा शेजारच्या काकू फोटो सरळ करायला वाकल्या. आईनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यांची वंदना चाललीय."