वॉल्टरसाहेबांचा राहिलेला शेवट

वॉल्टरसाहेब गेल्याची बातमी मला दीड महिना उशिरा कळली. त्यांच्या मुलीनं अमेरिकेहून पाठवलेलं पत्र दुबईतल्या आमच्या जुन्या ऑफिसात पडून होतं. चार ओळींचं पत्र, त्यात त्यांच्या सिनेमांबद्दल एक शब्द नाही. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त शरम वाटली.

हॉलिवूडमध्ये वीस वर्षं त्यांनी पटकथा लिहिल्या आणि तीन सिनेमे दिग्दर्शित केले. पहिला धो धो चालला, दुसरा बरा, तिसरा साफ आपटला. मग स्टुडिओवाले त्यांचा फोनही घेईनासे झाले. पोटासाठी तेल कंपनीचे माहितीपट करायला ते दुबईत आले, तेव्हा इथे आपले भारतीय रुपयेच चालत. मी रत्नागिरीचा, त्याच कंपनीत टायपिस्ट. ऑफिस सुटलं की ते मला थांबवून घेत. येरझारा घालत ते सांगायचे, मी टाइप करायचो... तेलाचं नव्हे, त्यांचं स्वतःचं. कोकणातून दुबईला येणाऱ्या गलबतावरच्या एका खलाशाची गोष्ट. "हा शेवटचा डाव, लतीफ. लागला तर घरी जाईन," म्हणायचे. प्रत्येक सीननंतर विचारायचे, "तुमच्याकडे असंच होतं ना?" मी मान हलवली की पान राहायचं, नाही म्हटलं की टराटरा फाडायचे. असा मान मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या साहेबानं दिला नाही.

शेवटच्या सीनमध्ये गलबत बुडतं आणि खलाशाची बायको आक्रोश करत किनाऱ्यावर धावते. माझी बोटं अडखळली. माझे अब्बा असेच बुडाले होते. अम्मी किनाऱ्यावर गेली नाही, ती इद्दतीत, नवरा गेल्यावर बाईनं पाळायच्या एकांतात, बसली. चार महिने दहा दिवस घरात, समुद्राकडची खिडकी लावून. गलबत लागल्याचा गलका ऐकू आला की भाकरी थापणारा तिचा हात थांबायचा. मग पुन्हा थापायला लागायची... "असंच होतं ना?" साहेबांनी विचारलं. माझ्या आईचं दुःख परक्याच्या सिनेमात कशाला, असं मनात आलं. "हो साहेब," मी म्हणालो.

आमचे हेडक्लार्क हसनभाई स्टुडिओला पाठवायच्या पटकथेचं पुडकं बांधताना म्हणाले, "यल्ला, चल लवकर, पोस्ट बंद होईल! इन्शाल्ला, साहेबांचं काम होणार."

सात महिन्यांनी पटकथा परत आली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, सगळं खरं वाटतं, शेवट तेवढा शंभर सिनेमांत पाहिलेला. साहेब खुर्चीत बसले ते उठेचनात. मला राहवलं नाही, मी अम्मीचं सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "तेव्हा का नाही बोललास?" एवढंच म्हणाले. टाइपरायटरवर कोरा कागद चढवून त्यांनी स्वतः एक ओळ मारली, बराच वेळ तिच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "आता दम नाही रे. खलास." आठवड्यानं ते निघून गेले, टाइपरायटर मला देऊन.

हसनभाई समजूत घालतात, "अरे, स्टुडिओला नाही म्हणायला काही तरी बहाणा लागतोच." असेलही. पण तो बहाणा मी हातात आणून दिला.

टाइपरायटर दुबईच्या देरा भागातल्या माझ्या खोलीत आहे, कागद अजून तसाच चढवलेला. त्यावर इंग्रजीत एवढंच आहे: घराच्या आत. दिवस. खिडकी बंद. पुढचं सगळं मला ठाऊक आहे. पत्र वाचल्यावर मी समोर बसलो, बोटंही ठेवली... पण "तुमच्याकडे असंच होतं ना?" असं विचारणारं आता कोणी नव्हतं.