स्कुटी, बिबट आणि सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड

वडशाच्या आमच्या घराला अंगण मोठं आहे. धान वाळवायला म्हणून ते मोठं ठेवलेलं, आता कोणी वाळवत नाही. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे बिबट तिथून आरामात चालत गेला आणि शेजाऱ्यांच्या दोन कोंबड्या घेऊन गेला. त्याच आठवड्यात मी अंगणावर कॅमेरे लावून घेतले. रेकॉर्डिंग साठवायला हॉलमधला जुना कॉम्प्युटर कामी आला. त्याला इंटरनेट जोडलं, म्हणजे शाळेत बसून फोनवरही घर दिसावं. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे असली कामं मला येतात असा माझा समज होता.

पासवर्ड मी 'जयभीम१९५६' ठेवला. इंग्रजी अक्षरांत, शेवटी आकडे, अगदी नियमाप्रमाणे. आता आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांच्या वायफायला हाच पासवर्ड आहे. पाहुणा आला की विचारत नाही, टाकून पाहतो, आणि लागतो. तरीही हे आपल्या कॅमेऱ्यालाही लागू आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अभिमानाच्या गोष्टीत माणूस हिशेब करत नाही, गणिताचा असला तरी.

बिबट दुसऱ्यांदा आला आणि कॅमेऱ्यात सापडला, तेव्हा मी हरखून गेलो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा, तर मी कॅमेऱ्याची लिंकच टाकली. पासवर्ड सांगायची कोणाला गरज पडली नाही.

त्याच सुमारास बायकोने स्कुटी शिकायला घेतली. पन्नाशी ओलांडलेली बाई, आयुष्यभर एसटीत नाहीतर माझ्या मागच्या सीटवर बसलेली. शिकायचं, पण कोणी बघता कामा नये, ही तिची अट. म्हणून ती दुपारी, मी शाळेत आणि गल्ली झोपेत असताना, फाटक लावून अंगणात गोल गोल फिरायची. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी नागपूरहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला.

"वयनी, पाय काऊन टेकवता जी? ब्रेक दाबा न! आमी सगळे पाहून राह्यलो."

सगळे म्हणजे खरंच सगळे. भाऊ, त्याची बायको, चंद्रपूरची माझी बहीण, बल्लारपूरचे भाचे. दुपारचं जेवण झालं की फोन उघडून बसायचे. थंडीत रात्र रात्र मंडपात बसून नाटक पाहणारी आमची माणसं, घरबसल्या फुकटचा खेळ कशाला सोडतील? परवा ती कुंडीवर धडकली तेव्हा टाळ्याही वाजल्या म्हणे.

मी शाळेतून आलो तेव्हा स्कुटीवर जुनी चादर टाकलेली होती.

"मले नाई शिकायचं," ती म्हणाली. "बिबट बरा. तो येते अन् जाते, हसत तं नाई."

मला आधी भावाचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग पुन्हा भावाचा. पण रागावून उपयोग नव्हता. एकदा तिने नाही म्हटलं की पुन्हा हो म्हणायला वर्ष लागतं, आणि या वयात हो येईलच असंही नाही. स्कुटी चादरीखालीच गंजली असती.

मी आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थोडं हसून घेतलं आणि मग एकेक करून विचारलं. दुकानदाराने दिलेलं 'ॲडमिन' हे नाव तसंच आहे का? होतं. अपडेट कधी केलं? कधीच नाही. बाहेरून कॉम्प्युटरपर्यंत यायला राऊटरमध्ये वाट उघडी ठेवली आहे का? ती वाट मीच मोठ्या हौसेने उघडली होती. कॅमेऱ्याला जोडलेल्या फोनांची यादी स्क्रीनवर उघडली तर घरच्यांचे ओळखू आले, पण दोन कोणाचे हे आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा मात्र माझं हसू पळालं.

"सर, पासवर्ड असा ठेवा का तुमाले ओळखणाऱ्यालेही सुचला नाई पायजे," बाई म्हणाल्या. "अन् कोणी नव्या फोनवरून आलं, का पासवर्ड बदलाले गेलं, तं घरातल्या एका फोनवर कोड येईल असं करा."

संध्याकाळभर बसून मी वाट बंद केली, सगळे फोन हाकलले, अपडेट केलं, नाव बदललं. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा बायको मागे उभी होती.

"सरका. मी टाकतो. तुमी तिकडं पाहा."

"अगं, मी तर घरचाच आहे!"

"लिंक कोनं टाकली होती?"

मी भिंतीकडे पाहत बसलो. तिने एका बोटाने बराच वेळ टाईप केलं. कोडही तिच्याच फोनवर येणार असं ठरलं. म्हणजे माझ्या घराच्या कॅमेऱ्यात मलाच प्रवेश नाही! बिबट आला की नाही, हेही तिला विचारावं लागे. मी दोन दिवस फुगून बसलो, कोणी विचारलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी उतरलो.

तिसऱ्याच दिवशी चादर दोरीवर वाळत होती. त्यानंतर मला काही दिसायचं नाही, फक्त शाळेतून आल्यावर अंगणात चाकांच्या खुणा दिसायच्या. आधी वाकड्यातिकड्या, कुंडीपाशी घसरलेल्या. हळूहळू त्या सरळ होत गेल्या. मला बरं वाटत होतं. भाजीबाजारापुरती येईल आता, असं मी मनात धरलं होतं.

लायसन हातात आलं त्या रविवारी तिने सकाळीच भावाला फोन लावला.

"घ्या लिहून पासवर्ड. सगळ्यायले द्या. आज पाहा म्हणा."

ती एकेक अक्षर सांगत होती, भाऊ जुळवून वाचत होता. "आरमोरीले... एकटी... जाईन?"

आरमोरी तिचं माहेर. इतक्या वर्षांत तिथे जायचं म्हणजे माझी सुट्टी पाहायची, नाहीतर कोणीतरी सोबत शोधायची.

तिच्या फोनवर धडाधड कोड येत गेले, तिने ते सगळ्यांना वाचून दाखवले, मलासुद्धा. मग हेल्मेट घातलं, फाटक उघडलं आणि पाय न टेकवता वळली. ग्रुपवर 'जयभीम'चा पाऊस पडला.

ती दिसेनाशी झाल्यावर मी शहाण्यासारखा पासवर्ड बदलायला बसलो. कोड तिच्या फोनवर गेला, आणि फोन तिच्या पर्समध्ये, आरमोरीच्या रस्त्यावर. त्यामुळे ती परत येईपर्यंत आम्ही सगळे आपापल्या गावी बसून रिकामं अंगण पाहत होतो.