अनुदान नको, कर्ज चालेल

अमेरिकेत बॉथेल गावच्या एका कम्युनिटी कॉलेजात फीसाठी कोणकोणती मदत मिळते, ते समजून घ्यायला आम्ही पालक जमलो होतो. माझ्या टेबलावर एक मराठी गृहस्थ मुलीला घेऊन बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात जुन्या कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा. त्यांची नोकरी जाऊन आठ महिने झाल्याचं मुलीनेच कॉलेजच्या बाईंना सांगितलं. ते म्हणाले, "सध्या कन्सल्टिंग करतो."

बाईंनी दोन फॉर्म पुढे केले. एक अनुदानाचा, म्हणजे परत न करायच्या पैशांचा. दुसरा कर्जाचा.

"ग्रँट गरिबांसाठी असते हो," गृहस्थ मला म्हणाले. "लोन काय, सगळेच घेतात. आपण फुकटचं घेत नाही."

तोवर त्यांनी कॉलेजची पाच पेनं खिशात टाकली होती आणि तिसरं सँडविच संपवत आणलं होतं.

"बाबा, लोन माझ्या नावावर असणार. मलाच फेडायचंय."

"मग जबाबदारी कळेल तुला."

अनुदानासाठी वडिलांची सही लागत होती. ती त्यांनी केली नाही. कर्जाला मुलीची एकटीची पुरत होती. तिने खाली मान घालून ती केली.

"बघितलंत?" ते मला कौतुकाने म्हणाले. "स्वाभिमान माझ्यावर गेलाय."