तिसऱ्या नंबरचं कारण

आमच्या पत्र्याच्या कारखान्यात ऑफिसात एक ताई होती. सगळे तिला यादीताई म्हणत. अंगाने काडी, पण नोंदींच्या बाबतीत कुणाला भीक घालत नसे.

पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये कुणाचं बोट गेलं की मलमपट्टीवाला कॉम्प्युटरवर नोंद करायचा. कारणाच्या चौकटीत मनाला येईल ते: 'हात गेला', 'मशीनने खाल्लं', 'नशीब'. यातून मोजणार काय, कपाळ? ताईने तिथे कॉम्बो बॉक्स बसवला. बाण दाबला की आठ कारणं उघडत. त्यातलंच एक निवडायचं, स्वतःचं ज्ञान पाजळायचं नाही. ती कारणं एका वेगळ्या तक्त्यात होती. नोंदीत फक्त नंबर जायचा, शब्द तक्त्यातून दिसायचे. वर्षभरात तिसरा नंबर एकोणीस वेळा निवडला गेला: 'सुरक्षा जाळी काढलेली'. त्यातली एक नोंद माझ्या दोन बोटांची.

जाळ्या मॅनेजरनेच काढायला लावल्या होत्या, काम भराभर व्हावं म्हणून. सरकारी इन्स्पेक्टर येणार होता त्या सकाळी मॅनेजर ताईच्या टेबलाशी आला. मी तिथेच रजेचा अर्ज घेऊन उभा होतो.

"तिसऱ्या ओळीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिही."

"साहेब, ती एक ओळ बदलली की एकोणीसच्या एकोणीस नोंदी बदलतील."

"म्हणूनच सांगतोय."

"मग नाही बदलणार."

त्याने तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. दोनदा. ओठ फाटला, एक दात कीबोर्डवर पडला. तो दात बाजूला सारून हा माणूस स्वतःच टाइप करायला वाकला.

माझं डोकं फिरलं. मानगूट धरून त्याला फरफटत चार नंबरच्या प्रेसपाशी नेलं, त्याचा हात खालच्या साच्यावर, डायवर दाबला आणि प्रेस खाली आणणाऱ्या पेडलवर पाय ठेवला.

"निवड! आठांतलं एक कारण निवड!"

"जाळी नाही! जाळी नाही रे!" तो गुरासारखा ओरडत होता. इन्स्पेक्टर दारात येऊन उभा होता. खरं सांगतो, मला पेडल दाबायचंच होतं.

ताई रक्ताळलेल्या तोंडाने धावत आली. "पाय काढ! आधी पाय काढ!"

मी काढला. त्याचं मनगट मात्र तोवर माझ्या मुठीत मोडलं होतं.

आठवड्यात सगळ्या प्रेसना जाळ्या लागल्या. मॅनेजरची नोकरी गेली, माझीही गेली. पुढे मलमपट्टीवाल्याकडून कळलं, ताईने त्याच दिवशी तक्त्यात नववी ओळ घातली होती: 'मारहाण'. पहिली नोंद तिच्या दाताची, मारणारा मॅनेजर. दुसरी मॅनेजरच्या मनगटाची, मारणारा मी.

तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या घरी जाऊन दार बडवलं. "तुझ्यासाठी केलं ना मी? आणि मलाच त्याच्या रांगेत बसवलंस?"

ती दारातच उभी राहिली. ओठावर टाक्यांचे वण अजून ताजे होते.

"माझ्यासाठी नव्हतं ते, दादा. मी तुझं तोंड बघत होते. तुला मजा येत होती."

ती खोटं बोलत नव्हती.