देवाला 'तू' म्हणताना

पप्पांची वाचा गेली, तेव्हा मी देवाशी अबोला धरला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी एरवीही फारसं बोलत नाही. चर्चमध्ये उपासना संपली की सगळे एकमेकांना 'सलाम' करत थांबतात, तेव्हासुद्धा मी चपला शोधण्याचं निमित्त करून बाहेर पडते. पाळकांच्या पत्नी मला लाडाने 'आमची मुकी मेंढी' म्हणतात.

पप्पा पनवेलच्या एका मराठी शाळेत शिक्षक होते. मला मात्र त्यांनी हौसेने इंग्रजी शाळेत घातलं. कामोठ्याच्या आमच्या दोन खोल्यांत रोज जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना व्हायची आणि ती पप्पाच करायचे. त्यांची मराठी अशी संथ आणि भरलेली, की आमटी निवली तरी मम्मी चकार शब्द काढायची नाही. मी डोळे मिटून बसायची आणि शेवटी 'आमेन' म्हणायची. माझं स्वतःचं जे काही देवाशी बोलणं होतं ते मनातल्या मनात, इंग्रजीत.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पप्पांना पक्षाघात झाला. हातापायांत हळूहळू जीव येऊ लागला, पण शब्द येईनात. त्यांना सगळं समजायचं; 'पाणी' म्हणायला तोंड उघडायचे आणि नुसती हवा बाहेर यायची. मग ते भिंतीकडे मान वळवायचे. वाचा परत येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आत्ता काहीच सांगता येणार नाही." ज्या माणसाने आयुष्यभर तुझ्याशी बोलण्यासाठी शब्द वापरले, त्याचेच शब्द तू काढून घेतलेस? एवढं एकच वाक्य मी देवाला मनात, नेहमीसारखं इंग्रजीत, ऐकवलं आणि गप्प झाले.

हॉस्पिटलच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर उरणकडचे एक कोळी काका होते. त्यांची बायको, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, सतत बडबडायच्या. नवऱ्याला, नर्सला, पंख्यालासुद्धा ओरडायच्या. एका दुपारी काकांना ऑपरेशनला न्यायचं होतं. मम्मी डबा आणायला घरी गेली होती. मावशी कधी नव्हे त्या गप्प होत्या. पप्पांच्या उशाशी ठेवलेल्या बायबलकडे पाहत त्या माझ्याजवळ आल्या.

"पोरी, आमच्या आईला नवस बोलून झालाय. आता तुज्या देवालापन जरा सांग."

"मावशी, मला नाही येत. पप्पाच करायचे."

"त्यांना आता बोलता येत नाय. तुला तर येतंय ना? मंग?"

स्ट्रेचर आणायला गेलेला वॉर्डबॉय कोणत्याही क्षणी येणार होता. मी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने, मराठीत प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, तुम्ही कृपया या काकांकडे लक्ष द्यावं. तुम्हाला आमची नम्र विनंती आहे की..." रजेचा अर्जच तो.

"अगो, तुमी काय?" मावशी फिसकन हसल्या. "पावना हाय का त्यो? आमी आमच्या आईला तूच म्हंतो. भांडतोपन."

काकाही आडव्या आडव्या हसले. माझे कान तापले. पप्पासुद्धा देवाला 'तू'च म्हणायचे, लहानपणापासून मी ते ऐकत आले होते. पण मी पप्पांनाच 'तुम्ही' म्हणते, मग त्यांच्या देवाला एकेरीत कसं बोलायचं? तरी मी पुन्हा डोळे मिटले. "प्रभू, तू काकांना सांभाळ. मावशी फार घाबरल्या आहेत. मीही घाबरले आहे. मी तुझ्यावर रागावले आहे, पण तुला सोडून हे सांगू कुणाला? माझ्या पप्पांना तू..."

पुढे मला बोलवेना. वाक्य अर्धंच राहिलं. प्रार्थना संपवतात कशी, तेही आठवेना. मी तशीच उभी राहिले.

आणि मागून, जाड, ओढलेल्या आवाजात शब्द आला. "आ...मेन."

मी वळले. पप्पा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या ओठांची एक बाजू हसत होती.

"बोलला गो तुजा बाप!" मावशी ओरडल्या, आणि स्वतःचं दुःख विसरून पदराने माझेच डोळे पुसू लागल्या.

त्यानंतर पुष्कळ दिवस पप्पांना दुसरा शब्द आला नाही. पाठ असलेले, सवयीचे शब्द कधी कधी असे आधी येतात, असं वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी पुढे समजावलं. तसं असेलही. मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे, की माझं वाक्य तुटलं तिथे पप्पांचं सुरू झालं.

काकांचं ऑपरेशन नीट पार पडलं. ते घरी गेले त्या दिवशी आमच्या खाटेशेजारच्या कपाटात मावशींनी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुडी ठेवली होती. त्या वासाने नर्स नाक धरून पळाली आणि मम्मी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

आता पप्पा छोटी वाक्यं बोलतात. थकले की शब्द हरवतात, पण भिंतीकडे वळत नाहीत. घरातली प्रार्थना माझ्याकडे आली आहे. माझी मराठी अजून अडखळते, मध्येच इंग्रजी घुसते. पूर्वी वाटायचं, भरवसा म्हणजे पप्पांसारखे भरलेले शब्द. आता मी जेवढं जमेल तेवढं बोलते आणि उरलेलं देवावर सोडते. मी अबोला धरला होता. त्याने धरला नव्हता, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते.

'आमेन' मात्र पप्पांचं. ताटात तळलेला बांगडा असला, की ते माझं वाक्य संपायचीही वाट पाहत नाहीत.